कन्सल्टन्सीला दीड लाख द्यायचे का? मेकॅनिकलनंतर जर्मनीत मास्टर्स, नागपूरहून

नंदनवन_मेकॅनिकल:

नमस्कार मंडळी. मी नंदनवनला राहतो. नागपूर विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातून मेकॅनिकल करून राहिलो, सातवं सेमिस्टर सुरू आहे. सीजीपीए ७.४, बॅकलॉग एकही नाही. पुढच्या ऑक्टोबरला जर्मनीत मास्टर्सला जायचं मनात आहे. बाबा बुटीबोरीला एका कंपनीत सुपरवायझर आहेत, आई घरी शिवणकाम करते, धाकटी बहीण बारावीला आहे.

मागच्या शनिवारी बाबांना घेऊन रामदासपेठेतल्या एका कन्सल्टन्सीत गेलो होतो. पाच विद्यापीठांचे अर्ज, एसओपी (का शिकायचं आहे ते सांगणारं निवेदन), व्हिसा असं सगळं मिळून दीड लाखाचं पॅकेज सांगितलं. ७.४ वर सरकारी विद्यापीठात मिळणं कठीण आहे म्हणाले आणि बर्लिनच्या एका खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक हातात दिलं. फी वर्षाला बारा लाखांच्या आसपास. राहण्याखाण्याचं वेगळं. बाहेर आल्यावर बाबा गाडीला किक मारेपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हुडकेश्वरचा प्लॉट आहे ना, पाहू." तो प्लॉट खरं तर आम्हा दोघा बहीणभावांसाठी ठेवलेला आहे.

७.४ वर सरकारी विद्यापीठ खरंच मिळत नाही का? कन्सल्टन्सीशिवाय कोणी गेलं आहे का? आणि सुरुवात नेमकी कुठून करायची? इंटरनेटवर इतकं काही आहे की वाचूनच दमायला होते.

गोकुळपेठ_९४:

भाऊ, माझा लहान भाऊ कन्सल्टन्सीतूनच आयर्लंडला गेला आणि आमचा अनुभव चांगला होता. पण त्यांची फी खूप कमी होती आणि विद्यापीठं त्याने स्वतः निवडली होती, त्यांनी फक्त कागद तपासून दिले. दीड लाख जास्त वाटतात. पैसे भरण्याआधी एवढं विचार: यादी कोण बनवणार, तू की ते? ते बनवणार असतील तर थांब.

माग्देबुर्ग_ते_महाल:

मी महालातली. सध्या माग्देबुर्गच्या ओटो फॉन गेरिके विद्यापीठात मास्टर्सच्या शेवटच्या टप्प्यात आहे. शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात ते दोन अर्धगोल होते ना, आतली हवा काढल्यावर घोडे लावूनही वेगळे न होणारे, तो प्रयोग करणारा गेरिके इथला. तुझ्यासारखीच नागपूर विद्यापीठाची मेकॅनिकल, आणि तुझ्यासारखंच घर. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ७.४ चं बघू. जर्मनीत १ हा सर्वोत्तम ग्रेड आणि ४ म्हणजे काठावर पास. आपले गुण त्यांच्या मोजपट्टीत आणायला ते एक सूत्र वापरतात, त्याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. कमाल गुणांतून तुझे गुण वजा कर, आलेल्या आकड्याला कमाल वजा किमान पासिंग याने भाग, तीनने गुण आणि एक मिळव. तुझं बघ: १० वजा ७.४ म्हणजे २.६. पासिंग ४ धरलं तर भागायचं ६ ने. उत्तर २.३. बरेच कोर्स २.५ पर्यंत अर्ज घेतात, म्हणजे तू आत आहेस. पण पासिंग ५ धरलं गेलं तर हाच आकडा २.५६ होतो आणि तू बाहेर! म्हणून तुझ्या मार्कशीटच्या मागे किंवा ट्रान्सक्रिप्टवर ग्रेडिंगचा तक्ता स्वच्छ छापलेला आहे का, पासिंग ग्रेड किती लिहिली आहे, हे आजच काढून बघ. कॉलेजच्या ऑफिसमधून ते लेखी मिळत असेल तर तेही घेऊन ठेव.

आता खासगी विद्यापीठाचं. जर्मनीतली बहुतेक सरकारी विद्यापीठं परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिकवणीची फी घेत नाहीत, फक्त दर सेमिस्टरचं अंशदान असतं, शंभर ते साडेतीनशे युरोच्या आसपास. अपवाद लक्षात ठेव: बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह वगैरे, २०१७ पासून युरोपबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो आहेत, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४-२५ च्या हिवाळ्यापासून फी सुरू केली. फुकट शिकवणारं सरकारी विद्यापीठ कोणाला कमिशन देत नाही. खासगी विद्यापीठं देतात, दर विद्यार्थ्यामागे. तुझ्या हातात तेच माहितीपत्रक काहून आलं हे यावरून समजून घे. बाबांनाही हे सांग. त्या ऑफिसात बसून आपला मुलगा कमी पडला असं त्यांना वाटलं असेल, तर ते मनातून निघायला हवं.

सुरुवात कुठून, हा तुझा खरा प्रश्न. माझं ठाम मत आहे की सुरुवात विद्यापीठाच्या नावापासून करायची नाही, आपल्या सिलॅबसपासून करायची. जर्मन विद्यापीठ रँक बघून घेत नाही. तू बी.ई.ला जे शिकलास त्यावर त्यांचा कोर्स बसतो का, एवढं ते बघतं. प्रत्येक कोर्सच्या नियमावलीत लिहिलेलं असतं: गणितात इतके क्रेडिट, मेकॅनिक्समध्ये इतके, थर्मोमध्ये इतके. त्यातलं एक कमी पडलं तर ९ सीजीपीएवालाही परत येतो.

मी काय केलं ते सांगते. आमच्या घरी पाटावर बसून मी चारही वर्षांचा सिलॅबस प्रिंट काढून पसरला आणि बाजूला त्यांचं मॉड्यूल हँडबुक, म्हणजे कोणत्या विषयात काय शिकवतात त्याचं पुस्तक. आपला चार वर्षांचा कोर्स साधारण १६० क्रेडिटचा, त्यांच्या हिशेबात चार वर्षं म्हणजे २४०. म्हणजे आपला एक क्रेडिट साधारण त्यांचा दीड. हीट ट्रान्सफर आपल्याकडे ४ क्रेडिट, तर तिकडचे ६. मग युनिट वाचायचं: त्यांच्या पानावर कंडक्शन, कन्व्हेक्शन, रेडिएशन, हीट एक्स्चेंजर, आपल्याही पानावर तेच, समोर बरोबरची खूण. असा एकेक विषय. नावं वेगळी असतात, आतला मजकूर बऱ्याचदा तोच असतो. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते झालं की कुठे अर्ज करायचा हे तुझं तुलाच दिसते. एसओपीही त्यातूनच निघते, कारण त्यांच्या कोणत्या विषयासाठी जायचं आहे हे तुला आता माहीत असते. हिंगण्याच्या एमआयडीसीत इंटर्नशिप केली असशील तर कोणत्या मशीनवर, काय बिघडत होतं, तू काय मोजलंस, ते लिही. "लहानपणापासून मला यंत्रांची आवड" हे वाक्य लिहू नकोस, ते सगळेच लिहितात.

कोर्स शोधायला डीएएडी या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेच्या वेबसाइटवर यादी आहे, भाषा इंग्रजी आणि फी नाही असं गाळता येते. तुझं विद्यापीठ तिकडे मान्य आहे का ते अनाबिन नावाच्या डेटाबेसवर दिसते, एच प्लस असलं की काळजी नाही.

तारखा मात्र निवांत घ्यायच्या नाहीत. हिवाळी सेमिस्टर ऑक्टोबरला सुरू होतं, पण अर्जाची शेवटची तारीख कुठे मार्च, कुठे मेअखेर, कुठे १५ जुलै. एपीएस प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे आपले शैक्षणिक कागद जर्मन दूतावासाच्या विभागाने तपासल्याच्या दाखल्याशिवाय, आपल्याला विद्यार्थी व्हिसा मिळत नाही, नोव्हेंबर २०२२ पासून हा नियम आहे, आणि आता बरीच विद्यापीठं अर्जासोबतच ते मागतात. त्याची फी १८,००० रुपये. शेवटच्या वर्षाला असतानाही अर्ज करता येतो, म्हणून सातव्या सेमिस्टरचा निकाल हातात येईपर्यंत वाट बघत बसू नकोस, लागणारे कागद आत्ता जमव. ट्रान्सक्रिप्टला तर सगळ्यात आधी हात घाल. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा नागपुरातच देता येते आणि निकाल दोन वर्षं चालतो, म्हणून तीही डिसेंबर-जानेवारीत उरकून टाक. बरीच विद्यापीठं युनी-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या सामाईक संस्थेमार्फत अर्ज घेतात, तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०. पाच अर्ज म्हणजे १९५ युरो. हे आणि एपीएस आणि आयईएलटीएस मिळूनही त्या दीड लाखाच्या बरंच अलीकडे थांबते.

पैशाचा मोठा आकडा म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. व्हिसासाठी एका वर्षाचे ११,९०४ युरो त्यात आधी भरून ठेवायचे, तिकडे गेल्यावर दर महिन्याला ९९२ युरो सुटतात. युरो शंभर रुपयांना धरला तर जवळपास बारा लाख. हे पैसे कुठे जात नाहीत, ते तुझ्याच राहण्याखाण्याचे आहेत. माग्देबुर्गसारख्या गावात ९९२ मध्ये नीट भागते. विमा साधारण १४०-१५० युरो जातो, बाकी खोलीभाडं आणि किराणा. म्युनिकमध्ये तेवढ्यात खोली मिळण्याचीच मारामार. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची परवानगी आहे, पण पहिल्या सेमिस्टरचा खर्च कामातून निघेल असं धरून घरून निघू नये. काम मिळायला वेळ लागतो आणि परीक्षा थांबत नाहीत.

एक जाता जाता. गाव निवडताना "तिथे मोठा कारखाना येणार आहे" हे कारण धरू नकोस. इथे इंटेलची चिप फॅक्टरी येणार म्हणून कितीतरी मुलं २०२२ नंतर याच गावाच्या भरवशावर आली. २०२५ मध्ये इंटेलने तो प्रकल्पच रद्द केला. कोर्स चांगला होता म्हणून जे आले त्यांचं काही बिघडलं नाही.

नंदनवन_मेकॅनिकल:

ताई, तुम्ही इतकं लिहिलं, मी आईबाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ग्रेडिंगचा तक्ता बघितला, पासिंग ४ च आहे. बाबा म्हणाले पुन्हा वाच, म्हणून ते सूत्र परत वाचलं.

आता पैशाचं. घरची बचत चार-साडेचार लाख निघेल. बाकी कर्ज. प्लॉट गहाण ठेवावा लागेल का, आणि बँक तो घेईल का? लेआउट जुना आहे. आम्ही ओबीसी आहोत, नॉन-क्रिमीलेअर आहे. शिष्यवृत्तीचं काही जमते का?

निवृत्त_बँकवाला:

बेटा, मी बँकेत कर्ज विभागात आयुष्य काढलं, म्हणून प्लॉटचं मी सांगतो. पहिला प्रश्न एकच: आर.एल., म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र, आहे का? नागपुरात '१९०० लेआउट' आणि '५७२ लेआउट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांत हजारो प्लॉट आहेत, विक्रीपत्र आहे, कर भरतात, पण नासुप्रचं, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासचं, आर.एल. नाही. बँकेचा वकील पहिल्याच भेटीत तेच मागतो. आर.एल. असेल तर मूळ विक्रीपत्र, त्याआधीची साखळी, मंजूर नकाशा, अकृषक आदेश, चालू कराची पावती एका फाइलमध्ये लाव. नसेल तर आजच गुंठेवारीखाली अर्जाची चौकशी कर, कारण हे काम जून-जुलैत व्हिसाच्या घाईत होत नाही. मुलाचं ॲडमिशन आलेलं आणि आर.एल.साठी अडकलेलं, अशी घरं मी डोळ्यांनी पाहिली आहेत आणि फार वाईट वाटायचं.

साडेसात लाखांच्या वर सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात. तुझं गणित मांड. ब्लॉक्ड अकाउंटचे बारा, विमान, विमा, सुरुवातीचं भाडं मिळून चौदा धर. साडेचार घरचे गेले, राहिले साडेनऊ. म्हणजे तू त्या रेषेच्या थोडाच वर आहेस. मामा-काका कोणी दोन लाख दिले तर प्लॉटला हात लावायची गरजच उरणार नाही. दुसऱ्या वर्षाचे पैसे आज लागत नाहीत, तिथे राहण्याचा परवाना वाढवताना दाखवावे लागतात, तोवर तू काही कमावलेलं असेल.

बँकेत विचारताना स्पष्ट विचार की ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम तुम्ही थेट पाठवता का. काही शाखांना फक्त कॉलेजची फी पाठवायची सवय असते. इथे फीच नाही म्हटल्यावर ते गोंधळतात, तेव्हा मोठ्या शाखेत किंवा बँकेच्या एज्युकेशन लोन कक्षात जा. शिक्षण सुरू असताना हप्ता नसतो, पण व्याज चढत असते. बाबांना महिन्याला तेवढं व्याज भरणं झेपत असेल तर भरा, नंतर ओझं हलकं होते. जुन्या करप्रणालीत त्या व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते. आणि मान्य बँकेच्या शैक्षणिक कर्जातून परदेशी पाठवलेल्या पैशावर टीसीएस, म्हणजे बँक आधीच घेते तो कर, कापला जात नाही, एप्रिल २०२५ पासून.

बाबांना माझा नमस्कार सांग. प्लॉट विकू नका, लागलाच तर गहाण ठेवा.

इंदोरा_अभ्यासिका:

शिष्यवृत्तीबद्दल थोडं. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिन्याला साडेअकरा पौंड. आमच्या अभ्यासिकेत हे प्रत्येक मुलाला माहीत आहे, म्हणून परदेशी शिक्षण फक्त पैसेवाल्यांचं असं इथे कोणी मानत नाही.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती आहे, ७५ जागा. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज आहे, १२५ जागा, उत्पन्न आठ लाखांच्या आत, वय ३५ च्या आत, पदवीला ६० टक्के, आणि विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीच्या पहिल्या ५०० मध्ये. हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी लिहिलं. तुझ्यासाठी राज्याच्या इतर मागास बहुजन कल्याण विभागाची परदेशी शिष्यवृत्ती आहे, आणि तिलाही क्यूएस रँकची अट असते. इथेच खरा पेच आहे. माग्देबुर्ग वरच्या दोनशेत नाही. आखेनचं विद्यापीठ शंभराच्या आसपास आहे. म्हणून यादी करताना दोन गट कर: एक शिष्यवृत्तीच्या रँकमध्ये बसणारा, एक न बसणारा पण फी नसलेला. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर ताजं काढून ठेव. जाहिरात निघाली की दिवस थोडे मिळतात आणि सेतू केंद्रात तेव्हाच गर्दी असते.

माग्देबुर्ग_ते_महाल:

वरच्या दोघांचं जपून ठेव, फार कामाचं आहे. आखेनबद्दल एक सावधगिरी: तिथले इंग्रजीतले काही मास्टर्स त्यांची इंटरनॅशनल अकॅडमी चालवते आणि त्यांना चांगलीच फी आहे. नाव आखेनचं दिसलं तरी पानाच्या तळाशी फीचा रकाना बघ. इथे आल्यावर डॉइचलँडस्टिपेंडियम नावाची महिन्याला ३०० युरोची शिष्यवृत्ती असते, गुण चांगले असले तर अर्ज करायचा, आपली मुलंही ती मिळवतात.

भाषेचं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. कोर्स इंग्रजीत असला तरी मेकॅनिकलच्या नोकऱ्या इथे छोट्या-मध्यम कारखान्यांत आहेत आणि शॉप फ्लोअरवर सगळे जर्मन बोलतात. शिकून झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. ते भाषा शिकण्यात घालवायचे नसतील तर आत्तापासून रोज तासभर दे. डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे कोर्स मोफत आहेत, त्यावर ए२ या दुसऱ्या पातळीपर्यंत आरामात जाशील. गोएथे इन्स्टिट्यूटची जर्मन भाषेची परीक्षा द्यायची तर पुणे किंवा मुंबई गाठावी लागेल.

व्हिसाचे कागद स्वतः दोनदा तपास. जुलै २०२५ पासून व्हिसा नाकारला तर तिथल्या तिथे फेरविचाराचा अर्ज करायची सोय बंद झाली आहे. पुन्हा नव्याने अर्ज करायचा, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात जायचं. महाराष्ट्राचं काम मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे आहे. दुरांतोने रात्री बसायचं, कागद हातातल्या बॅगेत, वरच्या रॅकवर नाही.

नंदनवन_मेकॅनिकल:

सगळ्यांचे मनापासून आभार. कन्सल्टन्सीला नाही कळवलं. प्लॉटचं आर.एल. आहे, आईच्या कपाटात पिवळ्या लिफाफ्यात निघालं.

सिलॅबसचा तक्ता करायला घेतला. गणिताचे चार पेपर प्रत्येकी ४ क्रेडिट, म्हणजे तिकडचे २४, ते जमते. थर्मो, फ्लुइड, हीट ट्रान्सफर जमते. अडलो ते कंट्रोल इंजिनिअरिंगवर. एका कोर्सला त्याचे ५ क्रेडिट हवेत आणि आमच्याकडे तो स्वतंत्र विषयच नाही, मेकॅट्रॉनिक्समध्ये अर्धा आहे. हा कोर्स सोडून द्यायचा का?

माग्देबुर्ग_ते_महाल:

सोडू नकोस. त्या कोर्सच्या पानावर कोऑर्डिनेटरचा ईमेल असतो, त्यांना लिही. चार ओळी पुरे: तू कोण, कोणता कोर्स, कोणती अट, आणि मेकॅट्रॉनिक्सच्या कोणत्या युनिटमध्ये ट्रान्सफर फंक्शन, फीडबॅक, स्टॅबिलिटी हे शिकवलं आणि किती तास. सोबत सिलॅबसचं तेवढंच पान, एचओडींची सही आणि शिक्का मारून, पीडीएफ. पूर्ण सिलॅबस पाठवला तर कोणी वाचणार नाही. काही ठिकाणी अट घालून प्रवेश देतात आणि तो विषय पहिल्या वर्षात करायला सांगतात, तसं होतं का हेही त्याच ईमेलमध्ये विचार. ख्रिसमसच्या सुट्ट्यांत ऑफिसं बंद असतात, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातच पाठव. ईमेल लिहून झाला की इथे टाक, मी बघते.